कौल: देवाचा आणि माणसांचा



निवडणुकीचा निकाल लागला की वर्तमानपत्रे लिहितात, ‘जनतेने कौल दिला.’ हे वाचताना आम्हां कोकणच्या माणसांस मतपेटीच्या आधी ग्रामदेवतेचा गाभारा आठवतो. गुरव देवाच्या अंगावर ओले तांदूळ किंवा फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि सारे श्वास रोखून पाहत राहतात. उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. मुलीचे स्थळ घ्यावे की सोडावे, नवी होडी पाण्यात लोटावी की थांबावे, हरवलेले जनावर शोधावे की नाद सोडावा, अशा हरएक अडचणीत कौल लावण्याची रीत या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

या रीतीला हसणे सोपे आहे. आम्हीही तरुणपणी पुष्कळ हसलो. पुढे कामगारांत काम करू लागल्यावर आमचे हसू कमी झाले. ज्याच्या हाती जमीन नाही, गाठीला पैसा नाही, त्याचा एक निर्णय चुकला तर सारे घर बुडते. एवढे ओझे एकट्याने उचलवत नाही, म्हणून तो ते देवाच्या खांद्यावर ठेवतो. पाकळीने भविष्य कळते असे आम्ही मानत नाही. परंतु पाकळीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची अडचण खरी असते, हे आम्ही मानतो.

आता शब्दाचाच इतिहास पाहू. ‘कौल’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ बोल, दिलेले वचन. मराठेशाहीत सरकार रयतेला कौल देत असे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास पहिली काही वर्षे कमी सारा आणि पुढे क्रमाक्रमाने वाढता, असे अभय त्यात लिहिलेले असे. नवी पेठ वसवणाऱ्या व्यापाऱ्यांनाही असे कौल मिळत. सरकारने द्यावा तो कौल आणि त्यापोटी रयतेने लिहून द्यावी ती कबुलायत. म्हणजे एकच शब्द गाभाऱ्यात देवाचे वचन झाला आणि कचेरीत राजाचे. दोन्ही ठिकाणी वचन वरून खाली येई आणि रयत हात जोडून उभी असे.

कुलाबा जिल्ह्यात (1981 पासून ज्याला आपण रायगड म्हणतो) खोतीच्या अमलात तर कौल उरला नाही. कबुलायत तेवढी उरली. खोताने कागद पुढे करावा आणि कुळाने अंगठा उठवावा. खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध कुळांनी घातले, ते फुटले की रात्री-अपरात्री चिखलात उभे राहून त्यांनीच बांधले. पिकाचा मोठा वाटा मात्र दुसऱ्याच्या कोठारात गेला.

1933 साली अलिबाग तालुक्यात पोयनाडजवळच्या चरी गावी हे चित्र पालटले. नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी ठरवले की, खोतासाठी जमीन कसायची नाही. आसपासच्या सुमारे पंचवीस गावांनी साथ दिली. शेतकऱ्याने संप करावयाचा म्हणजे आपल्याच चुलीतला विस्तव आपण विझवायचा. शेते ओस पडली, लाकूडफाटा विकून लोकांनी दिवस काढले, पण संप 1939 पर्यंत टिकला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1934 मध्ये चरीला आले आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1939 मध्ये कुळकायदा झाला, 1948 मध्ये त्याहून व्यापक कायदा आला आणि 1949 मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला.

आमच्या मते चरीचा खरा अर्थ असा की, तेथे माणसांनी माणसांना कौल मागितला. जे ओझे एकट्याला देवापुढे ठेवावे लागे, ते पंचवीस गावांनी वाटून घेतले. घरात देव होतेच, ते तसेच राहिले. फक्त जमिनीचा प्रश्न त्यांच्यापुढे न नेता सभेपुढे नेला. पुढे कायद्यानेही हे तत्त्व उचलले. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने असे ठरवले की, मान्यताप्राप्त संघटनेने सभासदांच्या बहुमताचा कौल घेतल्यावाचून केलेला संप बेकायदा होय.

तथापि माणसांच्या कौलातही गुरव असतोच, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पाकळी किती ओली करावी हे गुरवाच्या बोटांना ठाऊक असते. प्रश्न कसा विचारावा हे पुढाऱ्याच्या जिभेला. एका कारखान्याच्या दाराशी आम्ही सभेला विचारले होते, ‘लढणार की शरण जाणार?’ सारे हात लढण्याच्या बाजूने वर झाले. तिसरी वाट होती. मालकाने निम्मी मागणी मान्य करण्याची तयारी दाखवली होती. ती आम्ही प्रश्नात घातली नाही. तो संप पंधरवड्यात मोडला आणि पुष्कळांच्या घरी चुली थंडावल्या. दोष आमच्या प्रश्नाचा होता. उजवा किंवा डावा, एवढीच दोन उत्तरे ज्यात मावतात असा प्रश्न देवालाही विचारू नये आणि माणसांनाही विचारू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

त्यानंतर मत घेण्याआधी आम्ही एक पथ्य पाळले. शिल्लक किती, मालक काय देतो, किती दिवस तग धरता येईल, हे सारे आधी सभेला सांगायचे, आणि सभेतल्या सर्वांत गप्प माणसाला शेवटी उभे करून त्याची शंका ऐकायची. त्याने सभा लांबते, लोक कंटाळतात, पुढाऱ्याचे तेजही थोडे कमी होते. पण त्यानंतर जे हात वर होतात ते पुढे सहसा खाली येत नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या खेपेस कोणी तुमच्याकडे कौल मागावयास आला, तर उत्तर देण्याआधी त्याचा प्रश्न एकदा उलटून पाहा. त्यात तुमची वाट आहे की नाही, हे आधी विचारा. आणि नसेल, तर ती घालावयास लावा.