एक धोंडा आणि लोकवर्गणी

तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा मागून निधी जमवला आणि १९०८ साली तो कारखाना उभा राहिला. गावची शाळा, तालीम, वाचनालय हेही वर्गणीतून उभे राहते, त्याचे आपल्याला नवल वाटत नाही. पण मोटारींच्या शर्यतीत उतरणारा एक व्यावसायिक संघ लोकवर्गणीतून तगला, हे ऐकल्यावर मला नवल वाटले. ब्रिस्बेनला असणाऱ्या माझ्या भाच्याने मला ही हकिगत सांगितली. एरवी गाडीशी माझे नाते एसटीच्या खिडकीपुरतेच. मामू डेपोत मेकॅनिक होते, तेवढाच काय तो यंत्राचा वारसा.

हा संघ म्हणजे ऑस्ट्रेलियातला ‘डिक जॉन्सन रेसिंग’. टूरिंग कार या नावावरून सहलीची गाडी वाटेल, पण अर्थ वेगळा आहे. दुकानात मिळणाऱ्या, घरासमोर उभ्या राहणाऱ्या गाडीचेच रूप घेऊन ही गाडी शर्यतीत उतरते. पाहणाऱ्याला वाटते, ही तर आपलीच गाडी! ऑस्ट्रेलियात तर त्यावरून दोन तट पडले होते. एक फोर्डवाल्यांचा, दुसरा होल्डनवाल्यांचा. बाप फोर्डचा तर मुलगाही फोर्डचा. कोल्हापुरात फुटबॉलच्या मोसमात पेठापेठांत जी ईर्षा असते, ती ज्याने पाहिली आहे त्याला अधिक सांगायला नको.

या दोन तटांचा कुरुक्षेत्र म्हणजे बाथर्स्ट. सिडनीच्या पश्चिमेला दोनेकशे किलोमीटरवरचे गाव, त्याच्या शेजारी माउंट पॅनोरामा नावाचा डोंगर आणि त्या डोंगरावर चढून उतरणारा सहा किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा रस्ता. एरवी हा साधा सार्वजनिक रस्ता आहे. कडेला घरे आहेत, वेगाची मर्यादा ताशी ६० किलोमीटर. ऑक्टोबरात मात्र इथे एक हजार किलोमीटरांची शर्यत होते.

१९८० साली डिक जॉन्सन हा ब्रिस्बेनकडचा, पेट्रोल पंप आणि गॅरेज चालवणारा गडी तिथे निळी फोर्ड फाल्कन घेऊन आला. फोर्ड कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले होते. मदतीला होता लोखंडी नळ्या बनवणारा रॉस पामर हा कारखानदार. गाडीवर नाव होते त्याच्याच मालाचे, ‘ट्रू ब्लू’. समोर होल्डनवाल्यांचा लाडका पीटर ब्रॉक. त्या दिवशी, ५ ऑक्टोबरला, जॉन्सन चक्क पुढे होता आणि ब्रॉक मागे पडला होता. अठराव्या फेरीच्या सुमाराला डोंगराच्या चढणीवर एका बाजूला बंद पडलेली गाडी ओढणारा ट्रक, आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यावर एक धोंडा. फुटबॉलएवढा. जॉन्सनला सुटायला जागाच नव्हती. चाक गेले, गाडी भिंतीवर आदळली. धोंडा कुणी फेकला की प्रेक्षकांच्या पायाने घरंगळला, यावर तिथे अजून वाद घालतात.

खरी गोष्ट यानंतर सुरू होते. शर्यत टीव्हीवर चालू होती. वाहिनीने जॉन्सनला बोलते केले. होते नव्हते ते सगळे या गाडीत घातले, आता पुन्हा येणे जमणार नाही, असे तो सांगू लागला आणि त्याचा गळा दाटून आला. थोड्याच वेळात टीव्ही केंद्राचे फोन खणखणू लागले. कुणी दोन डॉलर देतो म्हणाले, कुणी शंभर. म्हणता म्हणता सुमारे ७२ हजार डॉलर जमले. हेन्री फोर्डचा पणतू एडसेल फोर्ड त्या वेळी कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या कारभारात होता. जनता जेवढे देईल तेवढेच आम्ही देऊ, असे त्याने जाहीर केले आणि रक्कम दुप्पट झाली. शर्यत जिंकली ब्रॉकनेच, पण त्या रविवारचे नाव निघाले की आधी आठवतो तो धोंडा.

मला यात मोठी वाटते ती देणाऱ्यांची वृत्ती. त्यांना ना हिस्सा मिळणार होता, ना पावतीपुस्तकात नाव. जॉन्सनने मात्र ते ऋण मानले. दुसऱ्याच वर्षी, १९८१ मध्ये, त्याने ब्रॉकला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि ऑक्टोबरात जॉन फ्रेंचच्या साथीने बाथर्स्टही जिंकले. त्या शर्यतीत १२० फेऱ्यांनंतर अपघातात गाड्या एकमेकींवर आदळून रस्ताच बंद झाला, शर्यत थांबवावी लागली, आणि तेव्हा जॉन्सन पुढे होता. आदल्या वर्षी डोंगराने घेतले ते असे परत दिले.

१९८३ ची एक रात्रही सांगण्यासारखी आहे. मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशी, सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत, जॉन्सनची गाडी झाडांत घुसून चक्काचूर झाली. संघाने दुसऱ्या एका स्पर्धकाची फाल्कन विकत घेतली, रातोरात तिच्यात सुटे भाग बसवले, रंगवली आणि सकाळी शर्यतीत उभी केली. ती शेवटपर्यंत टिकली नाही. पण रात्रभर पान्हे चालवणाऱ्या त्या हातांची कल्पना केली की मला मामूंचे काळे पडलेले नख दिसते.

पुढे सगळे मोठे झाले. जॉन्सन स्वतः पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरला. १९८७ पासून शेल कंपनीचा पैसा आणि टर्बो इंजिनाची फोर्ड सिएरा आली. १९८८ मध्ये हा संघ आपली गाडी घेऊन थेट इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला गेला आणि त्यांच्याच घरी सर्वांत जलद फेरी मारून पहिल्या जागेवर उभा राहिला. शर्यतीत यंत्राने दगा दिला. १९८९ आणि १९९४ साली जॉन बो याच्यासह आणखी दोनदा बाथर्स्ट जिंकले.

मग उतरती कळा. शेल गेली, गृहकर्जाच्या व्यवसायात जॉन्सनचे हात पोळले, भागीदारांत वाद झाले. त्या वादातच, २०१० मध्ये, जेम्स कोर्टनीने अजिंक्यपद आणले आणि तो प्रतिस्पर्धी संघात निघून गेला! २०१४ मध्ये अमेरिकेचे धनाढ्य रॉजर पेन्स्के यांनी ५१ टक्के मालकी घेतली. पाटीवर दोन नावे झाली. यशही आले : स्कॉट मॅकलॉक्लिन २०१८, २०१९ आणि २०२० असा सलग तीन वर्षे विजेता.

पण २०१९ चे बाथर्स्ट मला खटकते. शर्यत संपत आली असताना अपघातामुळे सेफ्टी कार बाहेर आली. तेव्हा संघाने आपल्या दुसऱ्या गाडीच्या चालकाला वेग कमी करायला सांगितले. मागचे प्रतिस्पर्धी अडकले, पुढे असलेल्या मॅकलॉक्लिनचे फावले. संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला, संघाच्या खात्यातले गुण कापले, विजय मात्र कायम राहिला. फोर्डवाले म्हणतात, सगळेच असे करतात. म्हणोत बापडे. ज्या संघासाठी १९८० मध्ये लोकांनी खिसा रिकामा केला, तो एका अन्यायाच्या हळहळीतून. त्याच डोंगरावर दुसऱ्यांची वाट अडवून मिळालेला चषक मला तरी हलका वाटतो. दंडाची रक्कम त्या वर्गणीच्या तिपटीहून अधिक होती, हेही सहज मनात आले.

२०२० च्या अखेरीस पेन्स्के बाहेर पडले आणि पाटीवर पुन्हा एकट्या जॉन्सनचे नाव राहिले. तोवर तो पंचाहत्तरीचा झाला होता. ज्या गाड्यांसाठी घराघरांत भांडणे झाली, त्या तिथे बनणे त्याआधीच थांबले होते. फोर्डचा ऑस्ट्रेलियातला कारखाना ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद झाला, होल्डनचा पुढच्या ऑक्टोबरात. २०१९ पासून जॉन्सनच्या संघाने फाल्कन सोडून मस्टँग घेतली. ती अमेरिकेहून येते.