प्रोजेक्ट रो हाउसेस
अमेरिकेतील ह्यूस्टन (टेक्सस) शहराच्या थर्ड वॉर्ड या कृष्णवर्णीयबहुल वस्तीतील सामुदायिक कलाप्रकल्प. स्थापना १९९३. रिक लो, जेम्स बेटिसन, जेसी लॉट इत्यादी सात आफ्रिकी-अमेरिकी कलावंतांनी तो उभारला. पडीक झालेली २२ लाकडी घरे पाडण्याऐवजी त्यांनी ती वाचवली. ही ‘शॉटगन’ घरे अरुंद असून त्यांतील खोल्या एकामागून एक, एका रांगेत असतात. याच वस्तीतील विद्यापीठात शिकवणारे चित्रकार जॉन बिगर्स यांनी अशी घरे आपल्या चित्रांतून गौरवली होती. प्रकल्पाची प्रेरणा ती चित्रेच.

आरंभीचे अनुदान ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ ही संघराज्यीय संस्था व खासगी प्रतिष्ठाने यांच्याकडून आले. डागडुजी मात्र बऱ्याच अंशी स्वयंसेवकांनी केली. काही घरांत कलावंत आपल्या मांडणशिल्पांची प्रदर्शने भरवतात, तर काही घरे शिक्षण पूर्ण करू पाहणाऱ्या तरुण एकल मातांना निवासासाठी दिली गेली. कलेसाठी मिळालेला पैसा निवाऱ्यापर्यंत पोहोचवणे, हे या प्रकल्पाचे सर्वांत मोलाचे कार्य होय. लो यांना २०१४ मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. आसपास जमिनीचे भाव चढत असल्याने मूळ रहिवाशांना परवडणारी घरे टिकवणे हीच आता खरी कसोटी आहे.