गिरीजच्या पानातला चीन

आमच्या गिरीजमध्ये, केळीच्या वाड्या आणि नव्या इमारती यांच्या मधल्या रस्त्यावर, नूडल्स आणि डम्पलिंगचे एक हॉटेल नुकतेच निघाले. जेवायला गेलो आणि सवयीने मेनूकार्डच जुन्या दफ्तरासारखे वाचत बसलो. त्यात चीन थोडा. कोलकाता, काठमांडू आणि मुंबईच जास्त.

मंचुरियनचेच घ्या. मंचुरियात असा पदार्थ नाही. कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या नेल्सन वँग यांनी तो १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात प्रथम केला, असे ते स्वतः सांगत. आले, लसूण, हिरवी मिरची हे आपलेच वाटण. फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. 'शेजवान'ची गंमत याहून मोठी. नाव सिचुआन प्रांताचे, पण तिथल्या जेवणाची खूण असलेली, जीभ बधिर करणारी मिरी आपल्या चटणीत सहसा नसतेच. ती मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी बहीण. माशाच्या आमटीत कोकण जे पिढ्यान्‌पिढ्या घालत आले, नेमके तेच वगळून आपण नाव तेवढे चीनचे ठेवले! उरली लाल मिरची. ती इथलीही नाही आणि सिचुआनचीही नाही; ती अमेरिका खंडातली. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती आणि मकावचा कारभारही त्या काळी गोव्याहूनच चाले, हे इथे आठवावे.

डम्पलिंगला मोदकाचा भाऊ ठरवायचा मोह अनेकांना होतो. मला तो मान्य नाही. वाफवण्याची रीत सारखी, म्हणून नाते सिद्ध होत नाही. गव्हाच्या पारीचे, सुकून टिकलेले डम्पलिंग तुर्फानजवळच्या तांगकालीन थडग्यांत सापडले आहेत. आपली तांदळाची उकड हा वेगळाच वंश. आपल्याकडे मोमो आला तो तिबेटी आणि नेपाळी माणसांबरोबर. या हॉटेलातला आचारीही नेपाळचाच निघाला.

मग चिनी माणसे कुठे गेली? माझगावला नवाब टँक रस्त्यावर सी यूप कून हे त्यांचे देऊळ १९१९ पासून उभे आहे. भोवती त्यांची वस्ती होती. चर्मकाम, दंतवैद्यक, खानावळी असे त्यांचे धंदे. १९६२ चे युद्ध महिनाभर चालले, त्याची किंमत मात्र ही माणसे वर्षानुवर्षे मोजत राहिली. आसाम आणि उत्तर बंगालमधून सुमारे तीन हजार जणांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले. त्यांत इथेच जन्मलेले होते, लेकुरवाळ्या बायका होत्या. काहींच्या सुटकेला चार-पाच वर्षे लागली. मुंबईतल्यांवर पोलिसांची नजर आली आणि अनेक कुटुंबे देश सोडून गेली. 'चायनीज'च्या लाल गाड्या आपल्या नाक्यानाक्यावर लागल्या त्या यानंतरच्या दशकांत.

माझगावच्या त्या देवळात आजही चिनी नववर्षाला उदबत्त्या लागतात. येणारी कुटुंबे थोडी असतात.