डोंगरावरचे प्रवचन आणि घरची चूल

धाराशिवकरांना तेरचे गोरोबाकाका नव्याने सांगायला नकोत. थापटणे घेऊन त्यांनी जमलेल्या संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. 10 जानेवारी 2020 रोजी याच गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 93वे मराठी साहित्य संमेलन भरले. साहित्यनगरीला नाव गोरोबाकाकांचेच होते. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी आधीपासूनच विरोध चालविला होता. फादर पाठीचे दुखणे घेऊन आले आणि बोलले. वैऱ्यावरही प्रीती करावी, असे सांगणारा ग्रंथ मराठीत आणणे हे एक काम. विरोधकांच्या देखत तो पाळणे हे दुसरे, आणि थापटणे पडते ते इथे. दिब्रिटो 2024 साली गेले.

पण सभामंडपातली परीक्षा एका दिवसाची असते, घरातली रोजची. ती कशी असते हे पाहायचे तर आपल्याला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे वळावे लागते.

1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कवीचा निर्णय झाला, बायकोचे काय? लक्ष्मीबाई पंढरपुरात आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. सौभाग्य आहे, पण संसार नाही! पुढे त्या नवऱ्याकडे आल्या त्या सोवळे सांभाळतच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे.

मग काय झाले? कुणा मिशनऱ्याने वादात जिंकले, असे नव्हे. बाई एकट्याच विचार करीत बसल्या. पशुपक्ष्यांत जाती दिसतात, तशा माणसांत कुठे दिसतात? माणसांत जाती दोनच, पुरुष आणि स्त्री. हे पटले, आणि ज्या हातचे पाणी विटाळाचे मानले होते त्या हातचे पाणी त्या प्याल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. मला विचाराल तर खरी दीक्षा त्या पाण्याच्या घोटाचीच.

टिळकांची गोष्ट निराळी. मागेल त्याला द्यावे, उद्याची चिंता वाहू नये, हे त्यांनी अक्षरशः घेतले. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या गरजेला जायचा. घरी नवा आश्रित हजर. उद्याची चिंता टिळकांनी सोडली म्हणजे ती नाहीशी झाली काय हो? ती लक्ष्मीबाईंच्या पदरी आली. पीठ किती उरले हे त्यांनाच पाहावे लागे. आपल्याकडे हे नवे नाही म्हणा. तुकोबांची जिजाई आठवा. फरक एवढाच, की जिजाईचे म्हणणे आपण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो. लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहिले, आणि तेही हसत हसत. नवऱ्याचा विसराळूपणा, तापटपणा, भाबडेपणा काहीच झाकले नाही. तरीही त्या माणसाची थोरवी पानोपानी जाणवते.

1917 साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यासी वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, ते वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. लग्नानंतर नवऱ्याच्या हाताखाली, त्याच्या लहरीप्रमाणे अक्षरे गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे करायला घेतले. टिळकांनी लिहिले होते दहा-अकरा अध्याय. पुढचे साठाहून अधिक बाईंचे.