धातूची मांडणी आणि प्रकाशाची वाट

चांदा जिल्ह्यात धातूचा हिशेब आजवर वजनाने होत आला. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल आला. लोहाऱ्याच्या लोहखनिजाची त्यात वाखाणणी होती. पुढे दोराबजी येथे पाहणी करून गेले. परंतु वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या कामी येणारा नव्हता, आणि कारखाना अखेर दूर साकचीस उभा राहिला. ही हुकलेली संधी आपल्या मनात अजून सलते. आज मात्र मला धातूचा निराळाच हिशेब मांडावयाचा आहे. त्यात मोल वजनाला नाही, मांडणीला आहे.

प्रकाश ही विद्युत्‌चुंबकीय लहर आहे, हे मॅक्सवेलने गणिताने सांगितले. १८८८ साली हर्ट्झने तशाच, पण पुष्कळ लांब लहरी प्रयोगशाळेत निर्माण केल्या. कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंनी १८९५च्या सुमारास त्या पाच मिलिमीटरपर्यंत आखूड केल्या. त्यांची साधने काय होती? रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात पानाआड कथलाचा पातळ पत्रा घातला की एका दिशेने कंप पावणारी लहर पार जाई, दुसरी अडे. १८९८ साली त्यांनी तागाच्या पिळलेल्या जुड्यांमधून लहर सोडली. तिच्या कंपनाची दिशा वळली. पीळ उलटा केला की वळणही उलटे. पदार्थ तोच, केवळ घडण बदलली होती.

महाराष्ट्रात या विचाराला रूप आले ते कल्याणजवळ. ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिल येथे वापरून झालेल्या सहा-सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या भारताला भेट मिळाल्या. त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काही वर्षे पडून होत्या. १९६३ साली गोविंद स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि १९६५ साली २४ तबकड्या पूर्व-पश्चिम व ८ दक्षिणोत्तर मांडून त्यांनी सूर्याचे निरीक्षण सुरू केले. गंमत अशी की, ही संस्था १९४५ साली उभी राहिली ती दोराबजींच्याच नावाच्या न्यासाच्या साह्याने. पुढे खोडदची ३० प्रचंड तबकड्यांची दुर्बीण याच वाटेने झाली.

अनेक लहान तबकड्या मिळून एका मोठीचे काम कसे करतात? गडचिरोलीकडचा रेला नाच आठवा. हात गुंफलेल्या ओळीत प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा क्षणभर उशिरा पाऊल टाकले, तर कोणी न ढकलताही सारी ओळ तिरपी वळेल. लहरींचेही तसेच आहे. प्रत्येक आकाशकाने, म्हणजे अँटेनाने, ठरावीक विलंब दिला की एकत्र झालेली लहर हव्या त्या दिशेस जाते.

कल्याणच्या लहरी सुमारे अर्ध्या मीटरच्या. हिरव्या प्रकाशाची लहर त्याच्या दहा लाखांश. मग आकाशकही तितकाच लहान हवा! अशी कोरणी साधण्यास एकविसावे शतक उजाडले. २०११ साली हार्वर्डमध्ये फेडेरिको कापासो यांच्या गटाने सिलिकॉनवर सोन्याचे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे आकाशक ओळीने मांडले. एकेक भुजा मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढी. भुजांची लांबी व मधला कोन बदलला की विलंब बदले. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्या सपाट पृष्ठावरून नेहमीच्या वक्रीभवनाच्या नियमात न बसणाऱ्या दिशेने वळला. तो नियमच मग अधिक व्यापक करून मांडावा लागला. २०१२ साली याच रीतीने सपाट भिंग झाले. त्यावरील सोन्याचा थर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या अवघा सहापट जाड.

येथे एक उणेपण प्रांजळपणे सांगितले पाहिजे. धातू प्रकाशाला वळवतो, पण वाटेत त्यातला काही गिळतोही. म्हणून २०१६ साली दृश्य प्रकाशासाठी जी सपाट भिंगे झाली, ती टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म खांबांची होती. धातूने वाट दाखवली आणि पुढचे काम दुसऱ्यावर सोपवले.

आज सूरजागडच्या डोंगरातून खनिजाचे ट्रक जातात आणि आपण टनांचा आकडा विचारतो. तो विचारावाच; त्यावर येथल्या माणसांची भाकरी आणि येथले रान दोन्ही अवलंबून आहेत. परंतु बसूंजवळ वेळापत्रक होते, स्वरूपांजवळ दुसऱ्याने टाकलेल्या तबकड्या. जवळ किती आहे, याबरोबरच ते मांडावे कसे, हा प्रश्न विचारणारी मुले या जिल्ह्यातल्या शाळांतून निघाली, तर साकचीला गेलेल्या कारखान्याची हळहळ पुष्कळ कमी होईल.