जरा बाजूला होता का?

एकाच वेळी चार कामं करणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे फार आदर आहे. त्यातलं एकही काम तो पुरं करत नाही, ही गोष्ट निराळी. मानेत फोन अडकवून, एका हातानं शिक्का मारत, दुसऱ्या हातानं चहा पिणारा कारकून कार्यक्षम समजला जातो. मी तसा कार्यक्षम आहे. शिक्का एकदोनदा बशीत पडलाय, इतकंच.

ह्या कसरतीला 'मल्टिटास्किंग' म्हणतात. शब्द मुळात माणसांचा नाहीच. 1960 च्या दशकात तो संगणकांसाठी रूढ झाला आणि मग आमच्या मानगुटीवर बसला. पुढे त्याचा इतिहास वाचला तेव्हा मला केवढा धीर आला म्हणून सांगू! अहो, ज्याच्यासाठी शब्द निघाला त्यालाही ते धड जमत नव्हतं.

ऑगस्ट 1981 मध्ये आय.बी.एम.चा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, आणि त्याबरोबर आला डॉस. डॉस एकपत्नीव्रती. एका वेळी एकच प्रोग्राम. मी कॉमर्सला असताना क्लासमध्ये चपला बाहेर काढून, देवळात शिरल्यासारखे आम्ही त्याच्यापुढे बसायचो. 'लोटस'मध्ये बेरीज करता करता 'वर्डस्टार'मध्ये पत्र लिहायचं मनात आलं, तर आधी लोटस बंद करायचं, काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या त्या रेघेपाशी परत यायचं आणि वर्डस्टार सुरू करायचं. तोवर पत्रात काय लिहायचं होतं ते डोक्यातून गेलेलं असे.

ह्यावर 1984 साली बोरलँड कंपनीनं 'साइडकिक' नावाची तोड काढली. हा प्रोग्राम बंद झाल्याचं सोंग करून स्मरणात दबा धरून राहायचा. ठरावीक कळा दाबल्या की हातातल्या कामावर कॅल्क्युलेटर नाहीतर टिपणवही घेऊन हजर! कल्पना नामी होती, म्हणून असे आणखी प्रोग्राम निघाले. पण डॉसच्या बिऱ्हाडात जागा 640 किलोबाइट. तिथं दोनतीन पाहुणे 'जाता जाता टेकतो' म्हणून कायमचे राहिले, की यजमानालाच पाय पसरता येईना आणि सगळं घरच ठप्प व्हायचं.

खरी गोम अशी, की त्या यंत्रांना डोकं एकच. ते दोन कामं एकदम करतच नसे. थोडं हे, थोडं ते, पण इतक्या चपळाईनं की बघणाऱ्याला दोन्ही चालू वाटावीत. मोठ्या संगणकांवर एम.आय.टी.त 1961 सालीच हे करून दाखवलं होतं. प्रश्न एवढाच, की खुर्चीत बसलेल्या प्रोग्रामला उठवायचं कसं?

आता काउंटरवर आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. एक गृहस्थ खिडकीशी येतात, पासबुक भरून घेतात आणि तिथंच उभं राहून पहिल्या पानापासून तपासू लागतात. मागे रांग. आपण म्हणतो, "आपण जरा बाजूला होता का?" सभ्य असले तर होतात.

1985 साली आलेल्या आणि 1990 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून घरोघर पोचलेल्या विंडोजची सगळी भिस्त ह्या सभ्यतेवर होती. प्रत्येक प्रोग्रामनं थोडं काम करून आपण होऊन बाजूला व्हायचं. एक जरी हटून बसला, की रांग जागच्या जागी आणि पडद्यावर वाळूचं घड्याळ! मॅकिंटॉशही 2001 पर्यंत ह्याच भरवशावर चालला. दुसरा मार्ग शिपायाचा: "वेळ झाली, उठा." अमिगा नावाच्या संगणकात असा शिपाई 1985 पासूनच होता. विंडोजनं तो ऑगस्ट 1995 मध्ये नेमला, तोही नव्या प्रोग्रामांपुरता. जुने आपसात पूर्वीसारखेच रेंगाळत.

सगळंच अडलं तर तीन कळा होत्या: कंट्रोल, आल्ट, डिलीट. आय.बी.एम.च्या डेव्हिड ब्रॅडली ह्यांनी ही युक्ती आपल्या सहकाऱ्यांसाठी केली होती. चुकून दाबल्या जाऊ नयेत म्हणून कळा दूरदूरच्या निवडल्या. पुढे जगानं त्या इतक्या दाबल्या की 2001 साली एका समारंभात, शेजारी बिल गेट्स बसलेले असताना, ब्रॅडली गमतीनं म्हणाले की शोध माझा असेल, पण प्रसिद्धी ह्यांनी मिळवून दिली!

विंडोज 95 आणि 98 मध्ये तर यंत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक आकडा सुमारे 49.7 दिवसांनी भरून जाई आणि यंत्र अडकू शके. हा दोष काही वर्षं कुणाच्या ध्यानात आला नाही. कसा येणार? पन्नास दिवस न अडता चालायला तर हवं!

आता माझी गोष्ट. 2000 साली नोकरीला लागल्यावर घरी एक वापरलेला संगणक आणला. अण्णांना कुलवृत्तांत टाइप करून हवा होता. ते सांगायचे, मी टाइप करायचो. शिवाय सीडीवर गाणी चालू आणि प्रिंटरवर मित्राचा बायोडेटा. माझं लक्ष जेमतेम बोटांत. सातव्या पिढीला वाळूचं घड्याळ आलं. तीन कळा दाबल्या. सात पिढ्या एका दमात बुडाल्या. साठवलं काहीच नव्हतं.

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "मधे साठवावं लागतं, हे आधी सांगायचंस. मी थांबलो असतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. गाणी बंद, प्रिंटर बंद. प्रत्येक परिच्छेदानंतर अण्णा थांबत. "हं, साठव." इतका सभ्य प्रोग्राम मी पाहिलेला नाही. आणि पाचव्या पिढीपाशी त्यांनी एक नाव घातलं, जे आदल्या दिवशी घेतलं नव्हतं. घर सोडून गेलेल्या त्यांच्या आत्याचं. तिच्याबद्दल पाऊण तास बोलले. मी ऐकत होतो, हे त्यांना दिसत असावं.

अण्णा आता नाहीत. हल्लीचे संगणक आपले आपण साठवतात, अडतही नाहीत फारसे. अडतो तो मी. परवा मोबाइलमध्ये बघत मुलीला 'हं, हं' करत होतो, तर ती गप्प झाली.

"का गं, थांबलीस का?"

"तुमचं होऊ दे बाबा. मी थांबते."

मी फोन पालथा ठेवला.