कार्बोरेटरच्या दोन नळ्या : पेण–रोहे मार्गावरील जुन्या मोटारींच्या निमित्ताने

यंत्राचा इतिहास लिहिताना त्याच्या मोठ्या भागांची नोंद होते. नळ्यांकडे सहसा कोणी पाहात नाही. वस्तुतः कार्बोरेटरला जोडलेल्या दोन बारीक रबरी नळ्यांत, इंधनाच्या वाफेकडे पाहण्याची दृष्टी कशी पालटत गेली, हे स्पष्ट दिसते. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

कार्ल बेंझ याने १८८६ साली पेटंट घेतलेल्या मोटारीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन ती वाफेने भारली जाई. तेथे वाफ हेच इंजिनाचे अन्न होते. पुढे १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख याने फवारा उडविणारा कार्बोरेटर सिद्ध केला. त्यातील लहानशा कुंडीत फ्लोटमुळे पेट्रोलची पातळी कायम राहते. पृष्ठभागावरील हवेचा दाब आणि अरुंद हवामार्गातील कमी दाब यांच्या फरकाने पेट्रोल जेटमधून वर चढते. म्हणून कुंडीला श्वास घेण्यास वाट हवीच. ही पहिली नळी होय. वाफ मात्र आता निरुपयोगी ठरून हवेत सोडली जाऊ लागली.

१९५० च्या सुमारास हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या विषारी धुक्याचा संबंध मोटारींतून सुटणाऱ्या इंधनाच्या वाफांशी जोडून दाखविला. त्यानंतर कॅलिफोर्नियात १९७० पासून नव्या मोटारींतील वाफ अडविणे सक्तीचे झाले. ती कोळशाच्या डब्यात साठवावयाची आणि इंजिन चालू असता पुन्हा आत ओढून जाळावयाची, अशी योजना झाली. ही दुसरी नळी होय.

आपल्याकडे १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास फियाट ११०० मोटारी बनविल्या. १९७४ पासून त्यांस पद्मिनी हे नाव मिळाले. पेणहून वडखळ, नागोठणे व भिसे खिंडीवरून रोह्यास जाताना वैशाखात चढावर अशा गाडीचे पेट्रोल उकळे, आणि पंपावर ओले फडके ठेवणे हाच उपाय असे. वाफेची अडचण तेव्हा ठाऊक होती. तिची नळी नव्हती.

खरा घोटाळा पुढे झाला. जुन्या गाडीवर नव्या घडणीचा कार्बोरेटर बसविला की त्याची अधिक तोंडे मोकळी राहतात. मिस्त्री ती बुजवितो किंवा मिळेल तेथे जोडतो. श्वासाचे तोंड बुजले तर पेट्रोल ओढले जात नाही. ते इंजिनाच्या ओढीशी जोडले तर मिश्रणाचा तोल जातो. वाफेचे तोंड बॉनेटखाली उघडे राहिले तर पेटण्याचे भय. दोहोंस एकच ‘नळी’ म्हणण्याच्या सवयीचा या चुकीत वाटा आहे, असे मला वाटते.

‘नळी’ हा शब्द आकार सांगतो, कार्य सांगत नाही. पायाच्या हाडालाही आपण नळीच म्हणतो. यास्तव पहिलीस श्वासनळी व दुसरीस बाष्पनळी म्हणावे. श्वासनळी हवागाळणीत अथवा स्वच्छ हवेत उघडावी, बाष्पनळी कोळशाच्या डब्याकडे न्यावी. डबा नसेल तर ती तापलेल्या एग्झॉस्टपासून दूर, खाली मोकळ्यावर सोडावी.

दुचाक्यांतूनही २०२० च्या निकषांनंतर कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. तो जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. त्यांची भाषा टिपून ठेवण्याचे काम भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आताच हाती घ्यावयास हवे. त्या हातांमागून ती भाषाही जाईल.